पीट बुटिजेज : साउथ बेंडच्या मेयरपासून अमेरिकेच्या वाहतूक मंत्र्यापर्यंत – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीटबद्दल तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून सगळी उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवतोय. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, किचकट नंतर. माझं मत आधीच सांगतो. त्याचं गे असणं आणि त्याचं काम या दोन गोष्टी एकत्रच वाचायला हव्यात, कारण काही जण फक्त पहिलीवर बोलतात, काही जण तिचा उल्लेखच टाळतात, आणि दोन्हीकडून माणूस अर्धाच कळतो.

1. हा पीट बुटिजेज नक्की कोण?

अमेरिकेतला डेमोक्रॅटिक पक्षाचा नेता. जन्म 19 जानेवारी 1982, इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड शहरात. वडील माल्टा देशातून आलेले, नोत्र दाम विद्यापीठात प्राध्यापक. आडनाव पण माल्टाचंच, ते भल्याभल्यांना उच्चारता येत नाही म्हणून गावातले लोक सरळ ‘मेयर पीट’ म्हणायचे. शिक्षण हार्वर्ड आणि मग ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्ड, त्यानंतर काही वर्षं मॅकिन्झी या कन्सल्टिंग कंपनीत नोकरी. 2012 ते 2019 अखेर साउथ बेंडचा मेयर, 2020 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढला, आणि फेब्रुवारी 2021 ते जानेवारी 2025 बायडन सरकारात वाहतूक मंत्री.

2. मेयर म्हणजे आपल्या महापौरासारखंच ना? मग एवढं काय कौतुक?

नाही, फरक मोठा आहे. आपल्याकडे महापौराला मान असतो पण कारभाराच्या चाव्या आयुक्तांकडे. साउथ बेंडमध्ये मेयरला लोक थेट मत देऊन चार वर्षांसाठी निवडतात आणि सगळा कारभार त्याच्याच हातात असतो. बजेट तो मांडतो, खातेप्रमुख तो नेमतो, पोलिसप्रमुख कोण हे पण तोच ठरवतो. नऊ जणांची कॉमन कौन्सिल असते, पण ती कायदे आणि बजेट मंजूर करण्यापुरती. त्यामुळे खड्डा बुजला तर श्रेय मेयरचं आणि पोलिसांनी गोळी चालवली तर जाब पण मेयरलाच (प्रश्न 7 बघा).

3. पहिल्यांदा निवडून आला तेव्हा लोकांना माहीत होतं का तो गे आहे ते?

नाही. हे बरेच जण चुकीचं सांगतात. त्याआधी 2010 मध्ये तो इंडियानाच्या राज्य खजिनदारपदासाठी उभा राहिला होता, तिथे सपाटून हरला, 40% मतं पण मिळाली नाहीत. मग 2011 मध्ये मेयरपदासाठी उभा राहिला आणि 74% मतं मिळवून जिंकला, 1 जानेवारी 2012 ला पदावर बसला तेव्हा वय फक्त 29. या दोन्ही निवडणुकांत त्याने स्वतःबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं.

4. मग इतकी वर्षं लपवून का ठेवलं?

हा प्रश्न जरा जोरातच विचारला जातो, जणू काही त्याने कोणाला फसवलं. तेव्हाची परिस्थिती आधी बघा. 2009 मध्ये तो नौदलाच्या राखीव दलात अधिकारी झाला, आणि तेव्हा सैन्यात नियमच असा होता की गे असल्याचं कळलं तर घरी पाठवतील, विचारायचं नाही आणि सांगायचं पण नाही. तो नियम सप्टेंबर 2011 मध्ये रद्द झाला. म्हणजे सैन्याची भीती गेली तोवर मेयरपदाची निवडणूक तोंडावर आलेली, आणि राज्य कोणतं तर इंडियाना, जिथे समलिंगी लग्नाला तेव्हा परवानगी नव्हती. शिवाय त्याने नंतर मोकळेपणाने सांगितलंय की स्वतःशी हे मान्य करायलाच त्याला खूप वर्षं लागली. ज्यांनी ही घुसमट अनुभवली आहे त्यांना यात काही नवल वाटणार नाही, बाकीच्यांनी निदान घाईने न्याय देऊ नये.

5. कधी आणि कसं जाहीर केलं? त्याचा मतांवर परिणाम झाला का?

16 जून 2015 ला, ‘साउथ बेंड ट्रिब्यून’ या गावच्याच पेपरात लेख लिहून. वय तेव्हा 33. प्रेस कॉन्फरन्स नाही, मोठ्या चॅनलवर मुलाखत नाही, ज्यांना त्याला परत मत द्यायचं होतं त्यांच्या घरी सकाळी येणाऱ्या पेपरात. तपकिरी केस असणं ही जशी साधी गोष्ट तशीच ही आहे आणि आपल्या कामाशी तिचा संबंध नाही, अशा अर्थाचं त्यात लिहिलं होतं.

आता त्या वर्षाकडे बघा. मार्च 2015 मध्ये इंडियानाचे गव्हर्नर माइक पेन्स यांनी धर्मस्वातंत्र्याच्या नावाचा एक कायदा सही केला, त्याचा आधार घेऊन दुकानदार गे लोकांना सेवा नाकारतील अशी भीती होती, देशभर इतका गदारोळ झाला की आठवड्याभरात कायद्यात दुरुस्ती करावी लागली. पीटने मेयर म्हणून त्याला उघड विरोध केलेला. आणि लेखानंतर दहाच दिवसांनी, 26 जूनला, सुप्रीम कोर्टाने सगळ्या देशात समलिंगी लग्नाला मान्यता दिली.

मतांचं म्हणाल तर नोव्हेंबर 2015 मध्ये तो जवळपास 80% मतं मिळवून परत निवडून आला, म्हणजे 2011 पेक्षा जास्तच. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, पक्षांतर्गत प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) मे महिन्यातच, म्हणजे लेखाच्या आधी होऊन गेली होती, आणि साउथ बेंडमध्ये कित्येक दशकं डेमोक्रॅट मेयरच निवडून येतोय. तरीपण लेख लिहिताना नोव्हेंबर समोर होता आणि लोक काय करतील याची खात्री कोणालाच नव्हती, म्हणून मला ते धाडस खरं वाटतं.

6. मेयर म्हणून काम काय केलं? की नुसतीच प्रसिद्धी?

साउथ बेंड म्हणजे साधारण लाखभर लोकवस्तीचं शहर. स्टुडबेकर गाड्यांचा कारखाना हा गावचा आधार, तो 1963 च्या डिसेंबरात बंद पडला आणि नंतर लोक गाव सोडून जात राहिले. 2011 च्या सुरुवातीला, म्हणजे पीट उभा राहिला त्याच वर्षी, एका राष्ट्रीय साप्ताहिकाने देशातल्या मरायला टेकलेल्या शहरांची यादी छापली त्यात साउथ बेंडचं नाव होतं.

लोक गेले की घरं रिकामी पडतात, फुटक्या खिडक्या, कमरेएवढं गवत, शेजाऱ्यांना ताप. 2013 मध्ये पीटने जाहीर केलं की 1000 दिवसांत अशी 1000 घरं एकतर दुरुस्त करू किंवा पाडू. आकडा मुदतीच्या आत गाठला. पण याची दुसरी बाजू पण सांगतो, जास्त करून घरं पाडलीच गेली, आणि दंडाच्या नोटिसांचा बोजा गरीब कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या घरमालकांवर पडला, काहींनी वारसाने आलेलं घर हळूहळू नीट करायचं ठरवलेलं असताना हातात नोटीस आली. लोकांनी मीटिंगमध्ये येऊन तक्रारी केल्या तेव्हा शहराने धोरणात थोडे बदल केले.

दुसरं मोठं काम म्हणजे गावातले मधले रस्ते. पूर्वी तिथून गाड्या एकाच दिशेने सुसाट जायच्या, थांबायचं कोणी नाही. ते रस्ते दुतर्फा केले, फुटपाथ रुंद केले, चौकात सिग्नलऐवजी गोल बेटं आणली. सुरुवातीला लोकांनी खूप शिव्या दिल्या, पण नंतर तिथेच हॉटेलं आणि राहत्या इमारती आल्या. स्टुडबेकरच्या जुन्या इमारतीत टेक कंपन्यांना जागा मिळाली. तक्रारींसाठी 311 हा एकच नंबर सुरू झाला.

अजून एक गोष्ट जी कोणी सांगत नाही. 2012 मध्ये, स्वतः जाहीर करण्याच्या तीन वर्षं आधी, शहराच्या मानवी हक्क नियमांत लैंगिक कल आणि लिंगओळख या दोन्ही गोष्टी जोडल्या गेल्या आणि त्यावर सही याच मेयरची होती. ते महत्त्वाचं का होतं ते प्रश्न 9 मध्ये आहे.

7. पोलिसांचं प्रकरण काय होतं? कृष्णवर्णीय मतदार त्याच्यावर नाराज का?

दोन प्रकरणं आहेत, लोक मिसळून टाकतात.

पहिलं 2012 चं. शहराचे पहिले कृष्णवर्णीय पोलिसप्रमुख डॅरिल बॉयकिन्स यांच्या काळात काही अधिकाऱ्यांचे फोन रेकॉर्ड झाले होते आणि त्यात वर्णद्वेषी बोलणं आहे असा आरोप होता. रेकॉर्डिंगची केंद्रीय तपास यंत्रणेकडून चौकशी सुरू झाल्यावर पीटने बॉयकिन्स यांना पदावरून हटवलं. टेप जाहीर करायच्या की नाही यावर वर्षानुवर्षं कोर्टकचेरी चालली. नुकताच आलेला 30 वर्षांचा गोरा मेयर आणि हटवलेला कृष्णवर्णीय प्रमुख, हे चित्र शहर विसरलं नाही.

दुसरं जून 2019 चं, तो राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात असताना. एका गोऱ्या पोलिसाच्या गोळीने 54 वर्षांचा कृष्णवर्णीय माणूस मेला, आणि पोलिसाचा अंगावरचा कॅमेरा सुरू नव्हता. पीट प्रचार सोडून घरी आला, शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतली, तिथे लोकांनी त्याला तोंडावर सुनावलं, तो उभा राहून ऐकत होता. काही दिवसांनी टीव्हीवरच्या डिबेटमध्ये विचारलं गेलं की शहरात चौथा हिस्सा लोक कृष्णवर्णीय असताना पोलिस दलात ते 6% च का, तर त्याने सरळ सांगितलं की ते माझ्याकडून झालं नाही. उत्तर सरळ होतं म्हणून ते चांगलं, पण काम झालं नाही हे पण तितकंच खरं. त्याचा फटका पुढे साउथ कॅरोलिनात बसला (प्रश्न 11).

8. मेयर असताना अफगाणिस्तानात कसा काय गेला? खुर्ची कोणाकडे होती?

राखीव दलात असाल तर बोलावणं आल्यावर जावं लागतं, मेयर असलात तरी. 2014 मध्ये सात महिने तो तिकडे होता, काम गुप्तवार्ता विभागाचं, शिवाय तळाबाहेर गाडी चालवण्याची जबाबदारी. मागे डेप्युटी मेयर मार्क नील यांनी शहर सांभाळलं. पीटने नंतर सांगितलंय की तिथे त्याला जाणवलं, आपण उद्या मेलो तर प्रेमात पडणं म्हणजे काय हे कळायच्या आधीच मरू. परत आल्यावर वर्षाच्या आत तो लेख आला.

9. गे जोडप्याला लग्न करता येत होतं, मग शहराच्या नियमाची काय गरज? आणि त्याचं लग्न कधी झालं?

हा खरंच चांगला प्रश्न आहे आणि इथे भलेभले गोंधळतात. लग्नाचा हक्क आणि नोकरीतलं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी. इंडियानात 2014 च्या ऑक्टोबरपासून समलिंगी लग्न कायदेशीर झालं, पण खासगी नोकरीत गे म्हणून काढून टाकू नये असं सांगणारा राज्याचा कायदा नव्हता. म्हणजे शनिवारी लग्न करा आणि सोमवारी त्याच कारणावरून नोकरी घालवून बसा, असं घडू शकत होतं. अशा वेळी आधार फक्त शहराच्या नियमाचा, तो साउथ बेंडसारख्या काही शहरांत होता. देशपातळीवर नोकरीतलं संरक्षण मिळालं ते 15 जून 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने. गे लोकांच्या आयुष्यात नगरपालिकेला किती किंमत असते हे यावरून कळतं, सगळं काही राजधानीत ठरत नाही.

पीटचं लग्न चॅस्टन ग्लेझमनशी झालं, 16 जून 2018 ला, साउथ बेंडच्याच सेंट जेम्स कॅथेड्रलमध्ये. लेखाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षं झाली. चॅस्टन शिक्षक होता.

10. एका लाखाच्या गावचा मेयर एकदम राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहतो, मधल्या पायऱ्या कुठे गेल्या?

मधली पायरी चढायला जागाच नव्हती. इंडियाना रिपब्लिकन राज्य, तिथे राज्यभरातून निवडून येणं किती अवघड हे त्याने 2010 मध्ये अनुभवलेलं. 2017 च्या सुरुवातीला तो डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्रीय अध्यक्षपदासाठी उभा राहिला, मतदानाच्या आधी माघार घेतली पण देशभरच्या कार्यकर्त्यांनी त्याला ऐकलं. डिसेंबर 2018 मध्ये तिसऱ्यांदा मेयर व्हायचं नाही असं सांगितलं आणि 14 एप्रिल 2019 ला स्टुडबेकरच्या जुन्या इमारतीतून प्रचाराची घोषणा केली. त्याच्या आठवडाभर आधी वॉशिंग्टनमधल्या भाषणात तो पेन्सना (प्रश्न 5 मधले, तोवर उपराष्ट्राध्यक्ष झालेले) उद्देशून म्हणाला होता की मी जो आहे त्याबद्दल तुमचं भांडण असेल तर ते माझ्याशी नाही, मला घडवणाऱ्या देवाशी आहे. पीट स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन, त्यामुळे हे वाक्य त्याच्या तोंडी नुसतं टाळ्यांसाठी नव्हतं.

11. आयोवा तो जिंकला का हरला? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. 3 फेब्रुवारी 2020 ला आयोवा राज्यात कॉकस (पक्षाचा उमेदवार निवडायला मतदारांच्या बैठका) झाले, निकाल कळवायच्या ॲपमध्ये घोळ झाला आणि आकडे यायला काही दिवस लागले. प्रत्यक्ष मतं प्रतिस्पर्धी उमेदवार बर्नी सँडर्सना जास्त होती. पण तिथे निकाल राज्य पातळीवरच्या डेलिगेटच्या (मतदारांच्या वतीने उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या) हिशोबावर ठरतो, त्यात पीट अगदी केसभर पुढे, 26.2% विरुद्ध 26.1%. राष्ट्रीय अधिवेशनाचे डेलिगेट त्याला 14 आणि सँडर्सना 12.

पुढे न्यू हॅम्पशायरमध्ये तो दुसरा आला, पण 29 फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात चौथा. तिथले बहुसंख्य डेमोक्रॅट मतदार कृष्णवर्णीय आणि त्यांची मतं त्याला जवळजवळ मिळालीच नाहीत. काही लोक याचं खापर त्या समाजाच्या धार्मिकपणावर फोडतात, गे माणसाला ते मत देणार नाहीत वगैरे. मला हे पटत नाही. प्रश्न 7 वाचा, नाराजीला बाकी भरपूर कारणं होती, आणि बायडन यांच्याशी त्या मतदारांचं नातं कित्येक वर्षांचं होतं. 1 मार्चला पीटने माघार घेतली आणि दुसऱ्या दिवशी बायडन यांना पाठिंबा दिला.

12. मत परत मागणाऱ्या बाईचा व्हिडिओ खरा आहे का?

खरा आहे, आयोवाच्या त्याच रात्रीचा. एका बाईने पीटला पाठिंबा म्हणून कार्डावर सही केली आणि नंतर तिला कळलं की त्याचा जोडीदार पुरुष आहे. ती म्हणाली, मग मला माझं कार्ड परत द्या. समोर पीटच्या बाजूची जी कार्यकर्ती होती तिने आवाज अजिबात चढवला नाही, जवळ उभी राहून शांतपणे बोलत राहिली की माणूस काय मांडतोय ते बघा, स्त्री आहे की पुरुष, कोणावर प्रेम करतो याने फरक पडू नये, मी पण माझ्या मुलाला हेच शिकवते. लोक हा व्हिडिओ त्या बाईची टर उडवायला पाठवतात, मला तर तो त्या कार्यकर्तीसाठी पुन्हा पुन्हा बघावासा वाटतो.

13. खासदार नसताना मंत्री कसा झाला?

अमेरिकेत मंत्री खासदार नसतोच, असेल तर ती जागा सोडावी लागते. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात, सिनेट मत देते. पीटला 2 फेब्रुवारी 2021 ला 86 विरुद्ध 13 मतांनी मंजुरी मिळाली, म्हणजे बऱ्याच रिपब्लिकन सिनेटर्सनी पण हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी कमला हॅरिस यांनी शपथ दिली, तेव्हा बायबल हातात धरून शेजारी चॅस्टन उभा होता.

14. मंत्री म्हणून ठोस काय केलं?

खातं मोठं, सुमारे 55,000 कर्मचारी, विमानापासून रेल्वे आणि महामार्गापर्यंत सगळं. नोव्हेंबर 2021 मध्ये 1.2 लाख कोटी डॉलरचा पायाभूत सुविधा कायदा झाला आणि त्यातला मोठा वाटा याच खात्यातून वाटला गेला. त्यातली मला सगळ्यात आवडलेली योजना म्हणजे महामार्गांनी जे मोहल्ले मधोमध कापले गेले, त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जास्त, ते परत जोडायला निधी देणारी.

प्रवाशांसाठी त्याने जे केलं ते लोकांच्या थेट खिशाशी जोडलेलं. डिसेंबर 2022 मध्ये साउथवेस्ट एअरलाइन्सची हजारो विमानं रद्द झाली, सुट्टीत लाखो लोक अडकले, वर्षभराने कंपनीला 14 कोटी डॉलरचा दंड लावला. एप्रिल 2024 मध्ये नियम आला की विमान रद्द झालं किंवा खूप उशीर झाला आणि प्रवाशाने पर्याय नाकारला तर पैसे आपोआप परत द्यायचे, फॉर्म भरत बसायचं नाही.

टीका सगळ्यात जास्त झाली ती ईस्ट पॅलेस्टाइनवरून. 3 फेब्रुवारी 2023 ला ओहायोतल्या या गावाजवळ रसायनं नेणारी मालगाडी घसरली आणि पीट तिथे पोचला 23 तारखेला. अपघाताची चौकशी स्वतंत्र मंडळाकडे असते आणि साफसफाई पर्यावरण खात्याकडे, त्यामुळे कागदावर तो बरोबर होता. पण गावातल्या माणसाला कोणतं खातं कोणाकडे याच्याशी काय घेणं, त्याला कोणीतरी लवकर यायला हवं होतं. आपण आधी बोलायला हवं होतं हे पीटने स्वतः पण मान्य केलं.

15. बाळासाठी रजा घेतली म्हणून एवढा वाद का झाला?

2021 च्या ऑगस्टमध्ये पीट आणि चॅस्टनने जुळी बाळं दत्तक घेतली आणि पीट काही आठवडे रजेवर गेला. त्याच वेळी बंदरांवर जहाजं खोळंबली होती, म्हणून विरोधकांनी हल्ला चढवला, एका टीव्ही निवेदकाने तर दोन पुरुष बाळाला पाजणार कसं म्हणून खिल्ली उडवली. बाळं वेळेआधी जन्मलेली, एकाला नंतर व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. पीटचं उत्तर होतं की ही सुट्टी नाही, हे पण कामच आहे. बापाने रजा घेतली की आजही कोणत्याही ऑफिसात भुवया वर जातात, मग तो बाप गे असो नसो, म्हणून हा वाद मला फक्त त्याचा वाटत नाही.

16. तो नक्की कशाकशात ‘पहिला’? वेगवेगळे दावे दिसतात.

पहिला उघड गे मेयर नाही, ॲनिस पार्कर 2009 मध्येच ह्यूस्टनसारख्या मोठ्या शहरात निवडून आल्या होत्या. निवडून आलेला पहिला उघड गे नेता तर अजिबातच नाही, हार्वी मिल्क 1977 चे आणि कॅथी कोझाचेन्को त्यांच्याही आधी, 1974 मध्ये, ॲन आर्बरच्या कौन्सिलवर. सिनेटमध्ये टॅमी बाल्डविन 2012 मध्ये निवडून आल्या. राष्ट्राध्यक्षपदासाठी पण त्याच्याआधी 2012 मध्ये रिपब्लिकन फ्रेड कार्गर उभे राहिले होते.

पीट पहिला ठरतो तो मोठ्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत डेलिगेट जिंकणारा उघड गे उमेदवार म्हणून, आणि सिनेटने मंजूर केलेला पहिला उघड गे कॅबिनेट मंत्री म्हणून. ‘सिनेटने मंजूर केलेला’ हे शब्द गाळू नका, कारण 2020 मध्ये रिचर्ड ग्रेनेल काही महिने गुप्तचर खात्याचे हंगामी प्रमुख होते, कॅबिनेट दर्जाचे, आणि तेही उघड गे.

17. 2024 मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदासाठी त्याचं नाव का मागे पडलं?

याचं उत्तर आता अंदाजाने द्यायची गरज नाही. कमला हॅरिस यांनी 2025 च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय की पीट ही त्यांची पहिली पसंती होती, पण एक कृष्णवर्णीय स्त्री, तिचा ज्यू नवरा आणि वर उपराष्ट्राध्यक्षपदाचा गे उमेदवार, इतकं एकदम देशाकडे मागणं फार जोखमीचं वाटलं. पीटने यावर आश्चर्य व्यक्त केलं, त्याचं म्हणणं असं की मतदार माणूस कोणत्या गटातला यापेक्षा आपल्या आयुष्यासाठी काय करेल ते जास्त बघतात. मी हॅरिस यांना दोष देत नाही, वेळ कमी होता. पण मला पीटचं म्हणणं जास्त पटतं, कारण 2015 मध्ये साउथ बेंडच्या मतदारांवर त्याने नेमका हाच भरवसा टाकला होता आणि आकडे प्रश्न 5 मध्ये आहेतच.

18. आता कुठे आहे? परत निवडणूक लढवणार का?

कुटुंबासह मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीत राहतो, ते चॅस्टनचं गाव. मार्च 2025 मध्ये त्याने सांगितलं की मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी किंवा सिनेटसाठी उभा राहणार नाही. सभा आणि मुलाखती मात्र चालूच आहेत, इंडियानातही जातो. 2028 बद्दल विचारणाऱ्यांसाठी, मेयर, मंत्री आणि आयोवा हा अनुभव जमेला आहे, साउथ कॅरोलिनाचा हिशोब अजून बाकी आहे.